ओटीपोटातल्या बंद शिरा आणि स्टेंट : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

पायातल्या शिरेत झालेली गुठळी औषधाने आटोक्यात येते, पण पुढे अनेक वर्षे पाय सुजत राहतो, काळवंडतो, घोट्याजवळ जखम होते. यातल्या बऱ्याच जणांचा खरा अडथळा पायात नसून जांघेच्या वर, ओटीपोटातल्या इलियाक शिरेत किंवा पोटातल्या मुख्य शिरेत, म्हणजे इन्फिरिअर व्हेना कावात असतो. तिथे स्टेंट, म्हणजे शीर उघडी ठेवणारी धातूची जाळीदार नळी, टाकण्याबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी डाव्या पायात मांडीपासून जांघेपर्यंत गुठळी झाली होती. वर्षभर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतल्या. नंतरच्या सोनोग्राफीत गुठळी नाही असे सांगितले. तरी पाय सुजतो, आणि जिना चढताना मांडी आतून फुटेल असे वाटते. आता ओटीपोटातली शीर बंद आहे, स्टेंट लागेल म्हणतात. गुठळी गेली असेल तर शीर बंद कशी?

या गोळ्या गुठळी विरघळवत नाहीत. त्या तिला वाढू देत नाहीत, विरघळवण्याचे काम शरीरच करते. मांडी-पोटरीच्या शिरांत ते बऱ्यापैकी होते. इलियाक शिरेत अनेकदा अर्धवट राहते. उरलेल्या गुठळीत हळूहळू तंतू तयार होतात, ती शिरेच्या भिंतीला चिकटते, आत पडदे आणि जाळ्या धरतात आणि अख्खी शीर आकसून बारीक होते. त्या अवस्थेत तिथे ‘गुठळी’ उरलेलीच नसते, व्रणासारखा घट्ट ऊतक असतो. तो कुठल्याही औषधाने विरघळत नाही.

सोनोग्राफीत हे दिसले नाही, कारण पायाची नेहमीची डॉपलर तपासणी, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, जांघेपाशी थांबते. त्याच्या वर आतड्यातला वायू आड येतो. तरी जाणकार सोनोलॉजिस्टला जांघेतच खूण सापडते : निरोगी माणसात तिथला प्रवाह श्वासाबरोबर कमी-जास्त होतो, वरची शीर बंद असेल तर तो एकसुरी वाहत राहतो. अशी खूण दिसली, किंवा ओटीपोटावर आणि जांघेवर फुगलेल्या शिरा दिसू लागल्या, की सीटी किंवा एमआर व्हेनोग्राफी, म्हणजे सीटी किंवा एमआरआयने काढलेली शिरांची चित्रे, करावी.

मांडी फुटेल असे वाटणे हे तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. चालताना स्नायूंकडे कितीतरी जास्त रक्त येते. ते परत नेणारा मोठा मार्ग बंद असेल आणि भोवतालच्या लहान शिरांना तेवढा भार पेलत नसेल, तर दाब साचतो. धमनी आखडल्यामुळे होणारे दुखणे सहसा पोटरीत असते आणि दोन-तीन मिनिटे उभे राहिले की थांबते. शिरेचे दुखणे मांडीत तणावासारखे असते, ते ओसरायला बराच वेळ लागतो आणि पाय वर करून पडल्यावर बरे वाटते. स्टेंटचा सर्वांत ठळक फायदा नेमका या तक्रारीला होतो.

निर्णयाआधी व्हिलाल्टा गुणांकन, म्हणजे गुठळीनंतरचा त्रास किती तीव्र आहे याचे मोजमाप, करून घ्या. त्यात वेदना, पेटके, जडपणा, मुंग्या, खाज या पाच तक्रारी आणि सूज, त्वचा घट्ट होणे, काळवंडणे, लाली, फुगलेल्या बारीक शिरा, पोटरी दाबल्यावर दुखणे ही सहा लक्षणे असतात. प्रत्येकाला ० ते ३ गुण मिळतात. ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ किंवा जास्त तीव्र. उघडी जखम असेल तर बेरीज न पाहता तीव्र. स्टेंटचा विचार मध्यम आणि तीव्र गटात करायचा, तोही पायावर दाब देणाऱ्या स्टॉकिंग्ज, चालणे आणि वजन यांवर काही महिने प्रामाणिकपणे काम केल्यावर. दोन्ही पाय सारखेच सुजत असतील तर आधी हृदय, मूत्रपिंड आणि रक्तदाबावरची अ‍ॅम्लोडिपिनची गोळी यांच्याकडे पाहावे. त्या सुजेला स्टेंटचा काडीचाही उपयोग नाही.

प्रश्न : पाठदुखीसाठी केलेल्या सीटी स्कॅनमध्ये ‘डावी इलियाक शीर ६० टक्के दाबली गेली आहे, मे-थर्नर’ असे आले. पायाला काहीच त्रास नाही. पुढे गुठळी होऊ नये म्हणून आत्ताच स्टेंट टाकावा का?

नाही. उजव्या पायाकडे जाणारी धमनी डाव्या इलियाक शिरेवरून आडवी जाते आणि तिला मागच्या मणक्यावर दाबते, ही रचना बहुतेक सर्वांत असते. तिलाच अहवालात ‘मे-थर्नर’ म्हटले आहे. मे आणि थर्नर यांनी १९५७ मध्ये ४३० शवांची तपासणी केली, तेव्हा २२ टक्क्यांमध्ये त्या जागी शिरेच्या आत पडदे आढळले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, पोटदुखीसाठी सीटी केलेल्या आणि पायाची तक्रार नसलेल्या ५० जणांपैकी जवळजवळ चौथ्या हिश्श्याची शीर निम्म्याहून अधिक दाबलेली होती. त्यांना आजार नव्हता, फक्त चित्र तसे होते. शिवाय उपाशीपोटी, पाणी कमी प्यालेल्या आणि उताणे झोपलेल्या माणसाची शीर आणखी चपटी दिसते.

त्रास नसताना बसवलेला स्टेंट म्हणजे आयुष्यभराची धातूची नळी, आणि तिच्यात गुठळी होण्याचा नवा धोका. हा अहवाल जपून ठेवा. मोठी शस्त्रक्रिया, प्लॅस्टर, गरोदरपण किंवा लांबचा प्रवास असेल तेव्हा डॉक्टरांना दाखवा, आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा विषय निघाला तर तेव्हाही.

प्रश्न : प्रक्रिया नेमकी कशी करतात? पोट उघडावे लागते का? दोन केंद्रांत विचारले तर एकाने एक तास सांगितला, दुसऱ्याने चार.

पोट उघडत नाहीत. नुसती दाबली गेलेली शीर असेल तर तासाभरात होते. पूर्ण बंद शीर उघडायला तीन-चार तास सहज लागतात. दोघेही खरे बोलले असतील.

सोनोग्राफीत पाहत मांडीच्या मध्यावरची शीर सुईने टोचतात. कधी गुडघ्यामागची, कधी मानेतली. तिच्यातून साधारण १० फ्रेंच, म्हणजे तीन-साडेतीन मिलिमीटर जाडीची शीथ, म्हणजे साधने आत नेण्याची नळी, घालतात. हेपॅरिन देऊन रक्त गोठण्याचा वेळ २५० सेकंदांच्या वर ठेवतात. मग गुळगुळीत, कडक वायर आणि तिला आधार देणारा कॅथेटर, म्हणजे बारीक लवचीक नळी, घेऊन बंद भागातून वाट काढायची. अनुभवी हातांत दहापैकी आठ-नऊ वेळा ती निघते.

इथे एक घातक सापळा आहे. बंद इलियाक शिरेशेजारून कण्याला लागून वर जाणारी कमरेची शीर फुगलेली असते, आणि समोरून घेतलेल्या क्ष-किरण चित्रात तिच्यात गेलेली वायर अगदी योग्य मार्गावर असल्यासारखी दिसते. तिच्यात मोठा फुगा फुगवला तर मज्जारज्जूच्या भोवती इजा होऊ शकते. म्हणून फुगा नेण्याआधी यंत्र बाजूला फिरवून चित्र घेतलेच पाहिजे. खरी मुख्य शीर मणक्यांच्या पुढे असते, वायर मणक्यांच्या मागच्या भागावर दिसली तर परत फिरायचे. वायरने शीर भोसकली गेली तर घाबरण्याचे कारण सहसा नसते. शिरेतला दाब कमी असल्याने रक्तस्राव आपोआप थांबतो. चुकीच्या मार्गात फुगवलेला फुगा मात्र थांबत नाही, तो फाडतो.

वायर निरोगी भागात पोचली की शिरेच्या आतून सोनोग्राफी करतात. तिला आयव्हस म्हणतात. रंगद्रव्य घालून काढलेल्या चित्रात चपटी झालेली शीर समोरून रुंदच दिसते आणि अडथळा निसटतो. आयव्हसमध्ये आडवा छेद दिसतो, क्षेत्रफळ मोजता येते. ५० टक्क्यांहून अधिक आकुंचन हा नेहमीचा निकष. त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे स्टेंट कुठे सुरू करायचा आणि कुठे संपवायचा, हे त्यावरून ठरते. आयव्हस नसलेल्या ठिकाणी जुनाट बंद शिरेचे काम करून घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग फुगे : आधी ४ ते ६ मिलिमीटरचा, नंतर १०, शेवटी १४ ते १६, उच्च दाबाचे. हा टप्पा दुखतो, म्हणून पूर्ण बंद शिरेसाठी अनेक ठिकाणी पूर्ण भूल देतात. फुगा काढल्यावर व्रणासारखा ऊतक लगेच परत मिटतो, त्यामुळे नुसत्या फुग्याने भागत नाही. स्टेंटचे व्यास साधारण असे : मुख्य शिरेत २० ते २४ मिलिमीटर, इलियाकच्या वरच्या भागात, म्हणजे कॉमन इलियाकमध्ये १६ ते १८, खालच्या भागात, म्हणजे एक्स्टर्नल इलियाकमध्ये १४ ते १६, जांघेतल्या फेमोरल शिरेत १२ ते १४. लहान स्टेंट टाकून ‘नंतर मोठा करू’ हे चालत नाही. प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. १६ ऐवजी १२ मिलिमीटरची नळी राहिली, तर तेवढ्याच दाबाला जेमतेम एकतृतीयांश रक्त जाते.

एकापेक्षा जास्त स्टेंट लागले तर ते एकमेकांवर एक-दोन सेंटिमीटर चढवायचे, मध्ये फट ठेवायची नाही. हा दुहेरी थर कडक होतो, म्हणून तो जांघेच्या घडीत येऊ द्यायचा नाही. शेवटी पुन्हा फुगा, पुन्हा आयव्हस. सुई टोचलेल्या जागी दाब दिला की झाले. त्याच संध्याकाळी चालायला लावतात, बहुतेक जण एक-दोन दिवसांत घरी जातात.

कंबर दुखेल, हे आधीच सांगून ठेवायला हवे. ताणलेल्या शिरेमुळे काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे कंबर ठणकते. त्यासाठी साध्या वेदनाशामक गोळ्या पुरतात, पण आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

प्रश्न : वडिलांच्या हृदयात स्टेंट आहे, ते अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल घेतात. माझ्या पोटातल्या शिरेच्या स्टेंटलाही तेच चालेल का?

जुन्या गुठळीमुळे शीर बंद झाली असेल तर नाही. धमनीतली गुठळी मुख्यतः प्लेटलेटची असते, म्हणून तिथे अ‍ॅस्पिरिन. शिरेत रक्त संथ वाहते आणि गोठण्याच्या घटकांमुळे गुठळी धरते, म्हणून इथे गोठणे रोखणारे अँटिकोअ‍ॅग्युलंट हवे. प्रचलित पद्धत अशी : पहिले दोन ते सहा आठवडे हेपॅरिन गटातले कातडीखाली घ्यायचे इंजेक्शन, मग गोळ्या, एकूण किमान सहा ते बारा महिने. वॉरफॅरिन असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झाले ते सांगणारी तपासणी, २ ते ३ दरम्यान. वारंवार गुठळ्या झालेल्यांना किंवा रक्ताचा तसा दोष असलेल्यांना कायम. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या बिघाडामुळे गुठळ्या होण्याचा आजार, असेल तर रिव्हॅरॉक्सॅबॅनसारख्या नवीन गोळ्यांऐवजी वॉरफॅरिनच सुरक्षित; ही तपासणी तरुण रुग्णाने स्टेंटआधी करून घ्यावी. गुठळीचा इतिहासच नसेल, नुसती दाबलेली शीर असेल, तर औषधाचा काळ कमी असू शकतो.

प्रश्न : बहिणीला स्टेंट टाकला आणि तेराव्या दिवशी तो बंद पडला. डॉक्टर म्हणतात ‘खालून प्रवाह नाही’. म्हणजे चूक कोणाची?

पत्रावरून कोणाची चूक ठरवता येणार नाही, पण ‘खालून प्रवाह नाही’ याचा अर्थ सांगता येतो. या सगळ्या उपचाराचे यश त्यावरच उभे आहे. स्टेंटमध्ये रक्त वाहते राहिले तरच तो उघडा राहतो. ते रक्त मांडीच्या दोन शिरांतून येते : फेमोरल आणि खोलवरची डीप फेमोरल. जुन्या गुठळीने त्याही खराब झाल्या असतील, तर वर कितीही रुंद स्टेंट टाका, नळ उघडा पण टाकीत पाणीच नाही असे होते. निदान डीप फेमोरल चांगली असली पाहिजे. म्हणून प्रक्रियेआधी मांडीच्या शिरांचे डॉपलर बारकाईने करतात, आणि त्यात दोन्ही शिरा खराब निघाल्या तर स्टेंट नाकारणे हाच योग्य सल्ला असतो.

पहिल्या महिन्यात बंद पडण्याची बाकीची कारणे ठरावीक आहेत. स्टेंट निरोगी भागात पोचायच्या आधीच संपवला जातो. जांघेच्या घडीखाली जायचे टाळण्यासाठी असे बरेचदा होते, पण आजार तिथवर असेल तर स्टेंट डीप फेमोरलच्या तोंडाच्या थोडा वरपर्यंत न्यावाच लागतो. दुसरे, दोन स्टेंटमध्ये फट. तिसरे, कमी व्यास किंवा अर्धवट फुललेला स्टेंट. चौथे, इंजेक्शनचे चुकलेले डोस. पहिल्या दोन आठवड्यांत एक दिवसाचीही सुटी परवडत नाही.

पाय अचानक सुजला तर तासांचा हिशोब असतो. ताजी गुठळी कॅथेटरने विरघळवता किंवा ओढून काढता येते. दोन आठवड्यांनंतर ती घट्ट होत जाते. गुठळी काढली तरी बंद पडण्याचे मूळ कारण आयव्हसने शोधून दुरुस्त केले नाही, तर स्टेंट परत बंद पडतो. प्रवाह फारच कमी असेल तर जांघेतली शीर उघडून आतले पडदे खरवडतात आणि धमनीला तात्पुरती जोडून प्रवाह वाढवतात. ती जोडणी काही आठवड्यांनी बंद करतात. ही मोठी शस्त्रक्रिया आहे, जांघेतली जखम चिघळण्याचे प्रमाण कमी नसते. ती मोजक्या केंद्रांतच व्हावी.

प्रश्न : स्टेंट किती वर्षे टिकतो?

नेग्लेन या शिरांच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ९८२ पायांची नोंद प्रसिद्ध केली. सहा वर्षांनी, पुन्हा हात न लावता उघडे असलेले स्टेंट : गुठळीचा इतिहास नसलेल्यांत ७९ टक्के, गुठळीनंतरच्या रुग्णांत ५७ टक्के. गरज पडल्यावर पुन्हा उपचार केलेले धरले तर १०० आणि ८६ टक्के. यातून दोन गोष्टी कळतात. तुमचा गट कोणता, हे आधी विचारा. आणि ५७ ते ८६ हे अंतर वेळेवर केलेल्या तपासण्यांमुळे भरून निघते. डॉपलर पहिल्या एक-दोन दिवसांत, दोन आणि सहा आठवड्यांनी, तीन, सहा, बारा महिन्यांनी, मग दरवर्षी.

त्याच नोंदीत पाच वर्षांनी वेदना पूर्ण गेलेले ६२ टक्के, सूज पूर्ण गेलेले ३२ टक्के होते. सुजेबद्दल अपेक्षा जपून ठेवा. वर्षानुवर्षे दाब सोसलेल्या पायातल्या झडपा आणि लसिका वाहिन्या स्टेंटने नव्या होत नाहीत.

प्रश्न : स्टेंट सरकून हृदयात गेल्याचे वाचले. हे खरे आहे का?

खरे आहे, दुर्मिळ आहे, आणि बहुतेक वेळा टाळता येण्यासारखे असते. शीर हृदयाकडे रुंद होत जाते, त्यामुळे सुटलेला स्टेंट वरच जातो. नोंदलेल्या घटनांत बहुधा लहान स्टेंट दिसतात : व्यास १४ मिलिमीटर किंवा कमी, लांबी ६० मिलिमीटर किंवा कमी, आणि आत व्रण नसलेली, नुसती दाबलेली शीर. धरून ठेवायला तिथे काही नसते. २०२१ मध्ये व्हिची नावाचा शिरेचा स्टेंट सरकण्याच्या तक्रारींमुळे उत्पादकाने परत मागवला. जुनाट गुठळीच्या घट्ट शिरेत, लांब स्टेंटच्या बाबतीत ही भीती खूपच कमी. छातीत धडधड, धाप किंवा छातीत दुखणे सुरू झाले तर मात्र ‘स्टेंट आहे’ हे सांगून लगेच एक्स-रे आणि इको करून घ्या.

प्रश्न : दहा वर्षांपूर्वी पोटातल्या मुख्य शिरेत फिल्टर बसवला होता. आता दोन्ही पाय सुजतात, पोटावर शिरा दिसतात. फिल्टरसकट काही करता येते का?

येते. हा फिल्टर म्हणजे गुठळी फुप्फुसात जाऊ नये म्हणून बसवलेला तारांचा पिंजरा. त्या पिंजऱ्यात गुठळी अडकून मुख्य शीर आणि तिच्या दोन्ही शाखा बंद पडतात. शक्य असेल तर फिल्टर काढतात. जुना, भिंतीत रुतलेला फिल्टर लेझर शीथ किंवा चिमट्याने काढता येतो. नाही निघाला तर त्याला फुग्याने बाजूला दाबून स्टेंट त्यातून नेतात. नंतर मुख्य शिरेत एक रुंद स्टेंट आणि दोन्ही इलियाक शिरांत एकाच वेळी, शेजारी-शेजारी फुलवलेले दोन. एकच बाजू आधी आत शिरली तर दुसरीचे तोंड झाकले जाते आणि त्या पायात नव्याने गुठळी होऊ शकते. मूत्रपिंडाच्या शिरा कुठे उघडतात, हे आयव्हसवर नोंदवूनच वरचे टोक ठरवतात. तुमच्या वर्णनाप्रमाणे हे काम मोठे आहे. किती जणांवर केले आणि वर्षभराने त्यातले किती उघडे आहेत, हे केंद्राला थेट विचारा. चांगले केंद्र आकडे सांगते.

प्रश्न : लग्नाला वर्ष झाले आहे, मूल हवे आहे. डाव्या इलियाक शिरेत स्टेंट आहे. गर्भाशयाच्या भाराने तो चेपेल का?

शिरेसाठीचे स्टेंट लवचीक असतात, दाब हटला की पूर्ववत होतात, आणि स्टेंटसह गरोदरपण सुखरूप पार पडल्याच्या नोंदी आहेत. खरा प्रश्न औषधाचा आहे. वॉरफॅरिन गर्भाला, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, अपाय करू शकते. रिव्हॅरॉक्सॅबॅन, अ‍ॅपिक्सॅबॅन गरोदरपणात देत नाहीत. हेपॅरिन गटातली इंजेक्शने वार ओलांडत नाहीत, म्हणून पूर्ण काळ आणि बाळंतपणानंतर किमान सहा आठवडे तीच देतात. दिवस राहण्याआधीच शिरांचे डॉक्टर आणि प्रसूतितज्ज्ञ यांच्याशी एकत्र बोला, पाळी चुकल्यावर गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

प्रश्न : एमआरआय, विमानतळावरचे यंत्र, मांडी घालून बसणे?

तिन्ही चालतात. एमआरआयआधी स्टेंटचे कार्ड दाखवायचे. निटिनॉल या मिश्रधातूच्या स्टेंटना १.५ आणि ३ टेस्ला चुंबकशक्तीचे एमआरआय सहसा चालते. वजन उचलणे दोन आठवडे टाळा.

प्रश्न : घोट्याजवळची जखम सहा वर्षे भरत नाही. स्टेंट झाला, आता स्टॉकिंग्ज सोडू का?

सोडू नका. बंद वाट उघडली की जखम भरायला लागते, पण घोट्यावर येणाऱ्या दाबाचे दुसरे कारण बऱ्याचदा शिल्लक असते : कातडीखालच्या सॅफिनस शिरेच्या निकामी झडपा. तिचे डॉपलर करून लेझरने किंवा औषधी फोम टोचून ती बंद करायची का, हे स्टेंटनंतर ठरवतात. स्टेंटआधी ती बंद करू नये, कारण अडथळा असताना काही पायांत तीच शीर रक्त बाहेर नेत असते. जखम उघडी असेपर्यंत थरांची पट्टी, आठवड्यातून एक-दोनदा बदलून. भरल्यावर ३० ते ४० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाची गुडघ्यापर्यंतची स्टॉकिंग, सकाळी उठण्याआधी चढवून. पट्टीआधी पायाच्या धमन्यांचा दाब मोजला पाहिजे, घोट्याचा दाब हाताच्या निम्म्याहून कमी असेल तर घट्ट पट्टी बांधायची नाही. सहा वर्षे जुन्या जखमेच्या कडेचा तुकडा एकदा तपासणीला पाठवा, क्वचित अशा जखमेत कर्करोग असतो.